स्विंडनच्या घराण्याचा मूळपुरुष

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी ज्याने पाहिली नाही असा ग्वाल्हेरकर विरळाच. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ मांडलेले. त्यांवरून लहानसे इंजिन आपले डबे ओढीत पाहुण्यांपुढून फिरे आणि कोणी सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे. माधवराव महाराजांना आगगाडीचा विलक्षण नाद. टेबलावरची गाडी ही त्या नादाची धाकटी पाती आणि संस्थानात धावणारी दोन फुटी रुळांची गाडी ही थोरली. थोरली २०२० मध्ये थांबली. धाकटी काचेआडून नव्हे, पण दोरीआडून अजून लोकांचे डोळे दिपवते.

महाराजांचा हा नाद त्या काळाला धरूनच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात आगगाडीच्या प्रतिकृतींचे वेड घरोघर शिरले होते. नॉर्थॅम्प्टन गावच्या बॅसेट-लोक यांनी १८९९ मध्ये अशा प्रतिकृतींचा व्यवसाय सुरू केला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याशी त्यांची गाठ पडली आणि जर्मन कारागिरांच्या हातून इंग्रजी इंजिने पत्र्यात उतरू लागली. या मंडळींनी केलेल्या प्रतिकृतींत सिटी ऑफ बाथ नावाचे एक इंजिन होते. हिरवे अंग, धुराड्यावर तांब्याचे कडे, घुमट नसलेला सपाट बॉयलर. लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे हे इंजिन १९०३ मध्ये रुळावर आले होते. ज्यांच्या डोक्यातून ते निघाले, त्या जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड यांची ही जीवनकथा.

दरबारी गवयाच्या मुलाने, मुलांना सारेगम शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने, इंजिनाच्या भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. त्याला उत्तर एवढेच, की घराणे म्हणजे काय, ते कसे बांधले जाते आणि कसे टिकते, हा प्रश्न मला रोज शिकवणीत भेटतो. आणि त्या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मला लोखंडाच्या या उस्तादाच्या आयुष्यात सापडले.

चर्चवर्ड यांचा जन्म ३१ जानेवारी १८५७ रोजी डेव्हन परगण्यातील स्टोक गॅब्रिएल या खेड्यात झाला. घराणे जुने, शेतीवाडीचे. शिक्षण टॉटनेसच्या शाळेत. सोळाव्या वर्षी त्यांनी न्यूटन ॲबट येथील साउथ डेव्हन रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी धरली. १८७६ मध्ये ती रेल्वे ग्रेट वेस्टर्नमध्ये विलीन झाली आणि हा तरुण स्विंडनला आला. लंडनपासून पाऊणशे मैलांवर असलेले स्विंडन म्हणजे ग्रेट वेस्टर्नचे माहेरघर. इंजिने तेथे जन्मत, तेथेच दुरुस्त होत आणि तेथेच मोडीत निघत. नकाशांच्या खोलीत आरंभ करून चर्चवर्ड १८८५ मध्ये डब्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक झाले, १८९६ मध्ये इंजिनांच्या कारखान्याचे आणि १८९७ मध्ये मुख्य अधिकारी विल्यम डीन यांचे पहिले साहाय्यक. लग्न त्यांनी केलेच नाही. १९०० मध्ये स्विंडनला नगराध्यक्षपद आले, तेव्हा पहिला मान त्यांनाच मिळाला.

डीन आणि चर्चवर्ड यांचा संबंध गुरुशिष्य परंपरेत शोभावा असा आहे. डीन जुन्या पिढीचे कसबी अधिकारी. ग्रेट वेस्टर्नचे रूळ पूर्वी सात फुटांहून किंचित अधिक रुंद होते, आपल्या मोठ्या लाइनीपेक्षाही रुंद; मे १८९२ मध्ये त्यांतले शेवटचे उखडून नेहमीच्या मापाचे केले गेले. हे सारे स्थित्यंतर डीन यांच्या कारकिर्दीतले. पण शेवटच्या वर्षांत त्यांची बुद्धी थकू लागली. कारभार हळूहळू साहाय्यकाच्या हाती आला. मात्र हुकूम डीन यांच्याच नावाने सुटत राहिले. वृद्ध गुरूला चारचौघांत उघडे पडू न देता शिष्याने मैफल सांभाळावी, तसे हे चालले. जून १९०२ मध्ये डीन निवृत्त झाले आणि चर्चवर्ड अधिकृतपणे त्यांच्या जागी आले.

सिटी वर्गाची वीस इंजिने या संधिकाळाची आहेत. त्यांचा सांगाडा डीन यांच्या जुन्या धाटणीचा, चाकांच्या आतबाहेर दुहेरी पट्ट्यांचा. वर बसवलेला बॉयलर मात्र चर्चवर्ड यांचा. पुढे निमुळता, मागे रुंद, आणि मागची अग्निपेटी चौकोनी खांद्यांची, बेल्पेअर या बेल्जियन इंजिनियरच्या पद्धतीची. गुरूची बैठक आणि शिष्याची तान असेच त्याचे वर्णन करावे लागेल. यांतल्याच सिटी ऑफ ट्रूरोने ९ मे १९०४ रोजी नाव काढले. प्लिमथ बंदरात अमेरिकेची टपाल उतरली होती आणि ती घेऊन गाडी लंडनकडे निघाली होती. वेलिंग्टनच्या उतारावर चार्ल्स राउस-मार्टेन या जाणकार प्रवाशाच्या घड्याळाने ताशी १०२.३ मैलांचा वेग दाखविला. लोक घाबरतील म्हणून कंपनीने तो आकडा त्या वेळी प्रसिद्ध होऊ दिला नाही. मोजणी अगदी बिनचूक होती की नाही, यावर पंडितांत आजही वाद आहे. पण शंभराच्या आसपास ते इंजिन गेले, हे बहुतेकांना मान्य आहे, आणि ते आजवर जतन करून ठेवलेले आहे.

एवढ्यावर थांबले असते तर चर्चवर्ड एका वेगवान इंजिनाचे कर्ते म्हणून उरले असते. त्यांचे खरे काम निराळे. अधिकारावर येण्यापूर्वीच, १९०१ मध्ये, त्यांनी एक आराखडा आखला होता. कंपनीच्या सगळ्या कामांना मिळून सहा प्रकारची इंजिने पुरावीत. बॉयलर, सिलिंडर, चाके यांची मापे ठरलेली असावीत आणि एका प्रकारचा भाग दुसऱ्याला बसावा. त्या काळी हे नवल होते. जो तो अधिकारी येई आणि आपल्या लहरीप्रमाणे इंजिनांच्या नव्या जाती काढी. कारखान्यात सुट्या भागांचा बाजार भरे. आपल्याकडे पंडित भातखंडे हे चर्चवर्ड यांच्याहून तीनच वर्षांनी धाकटे. रागांच्या जंगलात फिरून त्यांनी दहा थाटांची चौकट उभारली, आणि १९१८ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाने ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. चौकटीने कला मरते अशी ओरड भातखंड्यांविरुद्ध झाली. चौकटीमुळे नव्या माणसाला आरंभ कोठे करावा हे कळते, ही गोष्ट मात्र ओरडणारे विसरतात.

चौकट आखली तरी तिच्यात भरायचे काय? येथे चर्चवर्ड यांचा मोठेपणा दिसतो. निमुळत्या बॉयलरची आणि सिलिंडरच्या ओतकामाची कल्पना त्यांनी अमेरिकेकडून उचलली. फ्रान्समध्ये द ग्लेन यांची इंजिने गाजत होती. त्यांत वाफ एका सिलिंडरात वापरून झाली की दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरात पुन्हा वापरली जाई. चर्चवर्ड यांनी कंपनीला सांगून तसले एक इंजिन फ्रान्सहून रीतसर विकत आणविले. ला फ्रान्स नावाचे हे इंजिन १९०३ मध्ये आले आणि १९०५ मध्ये आणखी दोन आली. त्यांच्याशी तुलना करण्यासाठी त्यांनी आपल्या आल्बियन या इंजिनाची चाकांची मांडणी १९०४ मध्ये बदलून फ्रेंच इंजिनासारखी केली आणि दोघांना एकाच मार्गावर धावविले. आमच्या घराण्यात आख्यायिका आहे, की हस्सूखाँ आणि हद्दूखाँ यांना बडे महंमदखाँची गायकी दरबारात पडद्याआड बसवून ऐकविली, आणि ती त्यांनी गळ्यावर चढविली. स्विंडनला पडदा लागला नाही. दुसऱ्याची विद्या दाम मोजून, दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत पारखून घेतली. त्यातले दोनदा वाफ वापरण्याचे तंत्र आपल्याला गरजेचे नाही असे ठरले आणि ते टाकले. जोर चार सिलिंडरांत आणि दोन आसांवर वाटून घेतल्याने चाल मऊ होते, हे पटले आणि ते ठेवले.

या पारखणीतून दोन वर्ग निघाले. दोन सिलिंडरांचा सेंट वर्ग, ज्याचे पहिले इंजिन १९०२ मध्ये झाले. १९१३ पर्यंत त्याची ७७ इंजिने बांधली गेली आणि त्यांना सरदारस्त्रिया, संत आणि मोठमोठे वाडे यांची नावे मिळाली. दुसरा चार सिलिंडरांचा स्टार वर्ग. १९०६ च्या नॉर्थ स्टारपासून १९२३ पर्यंत त्याची ७३ इंजिने झाली. दोन्हींची मोठी चाके सहा फूट साडेआठ इंच व्यासाची, आणि मूळ बॉयलर एकच. १९०६ मध्ये सेंट वर्गातील लेडी सुपीरियर या इंजिनात वाफ पुन्हा तापवून कोरडी करण्याची नवी जर्मन योजना बसविली गेली. ब्रिटनमध्ये तिचा हा पहिला प्रयोग. पुढे स्विंडनने स्वतःची योजना काढली.

आता माझ्या कानाचा विषय. इंजिनाच्या धुराड्यातून जो भक भक आवाज येतो, तो वापरलेल्या वाफेचा उच्छ्वास. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार उच्छ्वास होतात. स्टार वर्गात सिलिंडर चार असले तरी जोड्या एकदम श्वास सोडतात. म्हणून तेथेही ठोके चारच. चार फेऱ्यांत सोळा मात्रा, तीनतालाचे एक आवर्तन पुरे. एका मैलात ते चाक सुमारे अडीचशे वेळा फिरते. ताशी साठ मैलांच्या वेगात मिनिटाला हजार ठोके, म्हणजे तीनतालाची साठांवर आवर्तने! एवढ्या द्रुतात ठोका स्वच्छ राहावा कसा? सिलिंडरात वाफ पूर्णवेळ न भरता दट्ट्याच्या चालीच्या थोड्याशा भागातच सोडायची आणि पुढे ती आपल्याच बळाने फुलू द्यायची. गवयाचा दमसास यापेक्षा वेगळा नाही. पण थोडी वाफ घ्यावयाची असली तरी झडप मात्र मोकळेपणी उघडली आणि मिटली पाहिजे, नाहीतर श्वास कोंडतो. झडपेची ही लांब चाल चर्चवर्ड यांनी साधली. इतरांना तिचे मर्म कळायला वीस वर्षे लागली. १९०४ मध्ये स्विंडनला त्यांनी इंजिन जागच्या जागी धावविण्याचे यंत्र बसविले. ब्रिटनमधील ते पहिले. रियाज आणि परीक्षा दोन्ही घरच्या घरी.

खर्चावरून कुरबूर झालीच. दुसरी एक कंपनी दोनांच्या किमतीत तीन इंजिने बांधते, मग तुमचे एवढे महाग का, असे संचालकांनी विचारले. आपले एक इंजिन त्यांच्या दोघांना उलटे ओढीत नेईल, असे चर्चवर्ड यांनी जरा रांगड्या भाषेत सुनावले, ही गोष्ट स्विंडनमध्ये अजून सांगतात. १९१० च्या ऑगस्टमध्ये पोलर स्टार हे इंजिन त्याच कंपनीच्या रुळांवर धाडण्यात आले आणि त्याने ती फुशारकी पुष्कळशी खरी करून दाखविली. पण सगळेच डाव जिंकले असे नाही. १९०८ मध्ये ग्रेट बेअर हे प्रचंड इंजिन झाले, त्या जातीचे ब्रिटनमधील पहिले. ते इतके जड, की फारशा मार्गांवर जाऊच शकेना. १९२४ मध्ये ते मोडून निराळे करण्यात आले. चर्चवर्ड यांना स्वतःला त्याचे फारसे प्रेम नव्हते.

त्यांची वागणूक कशी होती? सकाळी नकाशांच्या खोलीत यावे, एखाद्या तरुणाच्या फळ्यापाशी बसावे, भोवती माणसे गोळा करावीत आणि त्याला विचारावे, तुला काय वाटते. वाद घालू द्यावा. शेवटी निर्णय आपला, पण तो का घेतला हे सर्वांना ठाऊक. विद्या झाकून ठेवण्याची रीत तेथे नव्हती. आमच्या क्षेत्रात चीज चोरीला जाईल म्हणून अंतरा निराळा गाणारे उस्ताद होऊन गेले. अस्सल चीज जावयालाच, तीही हुंड्यात! अशा विद्येचा शेवट काय झाला ते आपण पाहतोच. स्विंडनचे पाहा. चर्चवर्ड १९२१ च्या अखेरीस निवृत्त झाले. त्यांच्या मागून आलेल्या कॉलेट यांनी स्टारवरून १९२३ मध्ये कॅसल वर्ग बांधला आणि सेंट मार्टिन या इंजिनाला १९२४ मध्ये लहान चाके बसवून हॉल वर्गाचा पाया घातला. स्विंडनमध्येच जन्मलेले आणि तेथेच उमेदवारी केलेले विल्यम स्टॅनियर १९३२ मध्ये दुसऱ्या कंपनीत गेले आणि तीच तालीम तिकडे घेऊन गेले. त्यांच्या एकाच वर्गाची ८४२ इंजिने झाली. १९३७ मध्ये बिहारात बिहटा येथे भीषण अपघात झाला. त्यानंतर हिंदुस्थानातील त्या जातीच्या इंजिनांची तपासणी करण्यास नेमलेल्या समितीत हेच स्टॅनियर होते आणि त्यासाठी ते येथे आले होते. स्विंडनची तालीम अशी आपल्या रुळांपर्यंत पोहोचली.

प्रतिकृतींचा ओघही चालूच राहिला. लिव्हरपूलच्या हॉर्नबींनी १९२९ च्या सुमारास काउंटी ऑफ बेडफर्ड हे चर्चवर्ड यांच्या आणखी एका वर्गातील इंजिन खेळण्यात आणले. २०१३ मध्ये त्याच नावाच्या कंपनीने स्टार वर्गाची बारीक कलाकुसरीची प्रतिकृती काढली. रिव्हेटही मोजून घ्यावेत अशी. पण प्रतिकृतीला एक उणीव कायमची. आकार येतो, रंग येतो. श्वास येत नाही.

निवृत्तीनंतर चर्चवर्ड रुळांलगतच्या आपल्या घरीच राहिले. कारखान्यात त्यांची फेरी चालू असे. कान आणि डोळे दोन्ही मंदावले होते. १९ डिसेंबर १९३३ रोजी सकाळी धुके होते. रुळांखालच्या एका स्लीपरमध्ये काही खोट दिसली म्हणून वयाच्या ७६ व्या वर्षी हा माणूस ती पाहायला रुळांवर उतरला. लंडनहून फिशगार्डला जाणारी जलद गाडी आली; ती त्यांना ऐकू आली नाही. गाडीला बर्कली कॅसल हे इंजिन होते, त्यांच्याच स्टार वर्गाचे थेट अपत्य. ज्याने इंजिनाला श्वास शिकविला, त्याला शेवटी तो श्वास ऐकू येऊ नये! संगीताच्या माणसाला याहून करुण गोष्ट सुचणार नाही. त्यांचे दफन स्विंडनलाच झाले.

पुढे वाफेचे राज्य गेले. सेंट वर्गातील शेवटचे इंजिन १९५३ मध्ये मोडीत निघाले. ७७ पैकी एकही उरले नाही. स्विंडनचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. नकाशे उरले, छायाचित्रे उरली, कपाटांत प्रतिकृती उरल्या. मग डिडकॉट येथील काही हौशी मंडळींनी एक युक्ती केली. सेंट गेले, पण त्यापासून निघालेला हॉल वर्ग काही प्रमाणात जिवंत होता. भंगाराच्या आवारातून वाचविलेले मेन्डी हॉल हे इंजिन त्यांनी सोडविले, मोठी चाके नवी ओतविली आणि नातीच्या देहातून आजी परत उभी केली. २०१९ मध्ये लेडी ऑफ लेजंड या नावाने ती वाफेवर धावली.

माझ्या वडिलांच्या गळ्यातल्या काही चिजा त्यांच्याबरोबर गेल्या. वहीत शब्द आहेत, स्वरलिपी आहे, ताल लिहिलेला आहे. ती वही म्हणजे प्रतिकृती. फार जपण्यासारखी, पण न श्वासणारी. तिच्यावरून ती चीज मी विद्यार्थ्यांना बसवू लागलो की अडते कोठे ते मला नेमके कळते: सम सापडते, पण समेकडे येण्याची वाट सापडत नाही. अशा वेळी मी वही मिटतो आणि वडिलांकडे शिकलेल्या एखाद्या वयोवृद्ध गुरुबंधूंकडे मुलांना घेऊन जातो. त्यांना ती चीज येत नसते. पण तिच्या कुळातली दुसरी येत असते, आणि ती गाताना त्यांच्या गळ्यातून एखादी जागा अशी निघते, की हरवलेल्या चिजेतली वाट एकदम उजळते. डिडकॉटच्या मंडळींनी नकाशा समोर ठेवला, पण हात घातला तो जिवंत वंशजाला. जेथे विद्या उघड्या हाताने वाटली गेली, तेथे असा वंशज कोठे ना कोठे सापडतो. जेथे ती मुठीत धरली गेली, तेथे वह्याच उरतात. चर्चवर्ड यांनी मूठ कधी मिटली नाही. म्हणून त्यांच्या निधनानंतर पाऊणशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, समूळ नाहीसे झालेले त्यांचे इंजिन पुन्हा चार मात्रांत श्वास घेऊ लागले.